६० मुलांच्या कॅल्क्युलसच्या वर्गात मास्टरी ग्रेडिंग झेपेल का?

तुम्ही विचारलंय की पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला अर्धेमुर्धे मार्क न देता ‘जमलं’ किंवा ‘अजून नाही’ एवढंच सांगायचं आणि पुन्हा संधी द्यायची, हे ६० मुलांच्या वर्गात झेपतं का, आणि मुलं हबकत नाहीत का.

झेपतं. मुलं हबकतात, पण साधारण पहिल्या परत-चाचणीपर्यंतच. माझं स्वतःचं मात्र पहिल्या सत्रात कंबरडं मोडलं होतं. ते का, याकडे येतेच.

आधी एक पेपर सांगते. प्रश्न होता, व्याख्येवरून १/क्ष चा डेरिव्हेटिव्ह काढा. मुलाने सूत्र अगदी बरोबर लिहिलं. मग क्षच्या जागी ‘क्ष अधिक एच’ घालायची वेळ आली, तेव्हा लिहिलं ‘१/क्ष + एच’. एच छेदात जायला हवा होता, तो शेजारी येऊन बसला. पुढे १/क्ष गेलं, एचने एच कापला, लिमिट व्यवस्थित मांडलं आणि उत्तर आलं १. माझ्या जुन्या स्टेप मार्किंगने याला ५ पैकी ३ मिळाले असते. सूत्राचे, मांडणीचे, लिमिटचे. तीन बघून पोरगं खूश, पान उलटून पुढे. असे तीन-तीन गोळा करत ६० टक्के होतात आणि एकही गोष्ट धड येत नसते. पुढच्या कोर्सचे शिक्षक मग आपल्या नावाने बोटं मोडतात.

या वेळी शेरा होता ‘अजून नाही’. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा प्रयत्न केला. फंक्शन होतं √क्ष, चूक तीच, उत्तर पुन्हा १. मग तो माझ्या टेबलाशी आला. मी फक्त १/क्ष चा ग्राफ काढायला लावला. काढला, तर तो उतरत होता. म्हटलं, उतरणाऱ्या ग्राफचा स्लोप १ कसा रे? बराच वेळ गप्प, आणि मग स्वतःच म्हणाला, ‘‘मॅडम, मी असं केलं तर कुठलंही फंक्शन घेतलं तरी एकच येणार की!’’ तिसऱ्या वेळी १/(क्ष+२) दिलं, तेव्हा एच गुमान छेदात गेला. ते तीन मार्क देऊन टाकले असते तर तो माझ्या टेबलापर्यंत आलाच नसता.

आता व्यवहाराचं. मी कोर्सची २२ उद्दिष्टं केली आहेत, त्यातली ८ गाभ्याची. ही आठ जमल्याशिवाय पास नाही. वरची श्रेणी हवी तर एकूण २० तरी हवीत. उद्दिष्ट लिहिताना ‘डेरिव्हेटिव्हची संकल्पना समजते’ असलं काही लिहू नका, ते तपासायचं कसं हे तुम्हालाच कळणार नाही. ‘एकात एक तीन फंक्शनं असतील तर चेन रूल लावता येतो’, असं लिहा.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते ‘जमलं’ कशाला म्हणायचं हे ठरवणं. चेन रूलच्या प्रश्नात शेवटच्या बेरजेत चिन्ह चुकलं, तर मी सोडून देते. पण साइन(क्ष²) चा डेरिव्हेटिव्ह कॉस(२क्ष) लिहिला, तर बाकी पान कितीही देखणं असो, अजून नाही. आणि तेच चिन्ह कॉसचा डेरिव्हेटिव्ह घेताना चुकलं, तर तिथे चिन्ह हाच मुद्दा आहे, तिथे सूट नाही. तपासायला बसण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नासाठी काय माफ आणि काय नाही हे दोन ओळींत लिहून ठेवा. नाहीतर दहाव्या पेपरला तुम्ही कडक असता आणि पन्नासाव्याला दयाळू.

कंबरडं मोडलं ते वेगळ्याच कारणाने. कितीही वेळा या, कधीही या, असं मी उदारपणे जाहीर केलं होतं. खरं तर ही जुनी ठेच आहे. १९६८ साली शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर या दोघांनीही, वेगवेगळ्या वाटांनी, पक्कं झाल्यावर पुढे जायची कल्पना मांडली. केलरच्या पद्धतीत वेग मुलाने स्वतः ठरवायचा, आणि मुलं चालढकल करतात हे तेव्हापासूनच लक्षात आलं होतं. १९९० साली कुलिक दांपत्य आणि बँगर्ट-ड्राउन्स या संशोधकांनी अशा पद्धतींवरच्या १०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. परीक्षेतला फायदा सरासरी अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा निघाला, म्हणजे चांगलाच. पण स्वतःच्या वेगाने चालणारे कॉलेजचे कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाणही अनेकदा वाढलेलं दिसलं. माझ्याकडे कोर्स कुणी सोडला नाही, सगळे शेवटच्या दोन आठवड्यांत उगवले. दारात रांग, हातात जुनी उद्दिष्टं, आणि मी एकटी.

म्हणून आता दर शुक्रवारी अर्धा तास. दोन नवी उद्दिष्टं आणि मागची कुठलीही दोन, बस्स. हुकलं तर पुढचा शुक्रवार. तपासणी मात्र खरोखर हलकी होते, कारण अडीच द्यावेत की तीन हा खल उरत नाही. मार्कांसाठीची घासाघीसही जवळपास थांबली.

एक गोष्ट मला अजून नीट सुटलेली नाही. २२ तुकडे सुटे-सुटे जमणारं मूल, कमाल-किमान मूल्याच्या शाब्दिक गणितात समीकरणच मांडता न येऊन अडकतं. त्यामुळे शेवटची परीक्षा मी जुन्याच पद्धतीने, मिश्र प्रश्नांची ठेवली आहे, तिला पाव वजन. तत्त्वाला धरून नाही हे, पण मला त्याशिवाय चैन पडत नाही.

पहिल्याच सत्रात सगळा कोर्स बदलू नका. गाभ्याची सात-आठ उद्दिष्टं या पद्धतीने घ्या, उरलेलं चालू द्या तसंच. आणि प्रत्येक उद्दिष्टाचे किमान पाच प्रश्न सत्र सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा. मी ठेवले नव्हते, आणि चौथ्या आठवड्यात रात्री बारा वाजता √क्ष चे भाऊबंद शोधत बसले होते.