माळ्यावरचा पोकेमॉन

प्रश्न : दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मुलाचा गेमबॉय कलर, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, सापडला, पोकेमॉन गोल्ड या खेळाच्या कार्ट्रिजसकट. चालतो, पण बंद केला की खेळ पुसला जातो. मुलगा पस्तिशीचा, तरी रोज नव्याने सुरू करतो! एवढं काय आहे त्यात? – एक आई, ऐरोली

उत्तर : काकू, आधी दुरुस्तीचं बोलू. कार्ट्रिजच्या आत सीआर २०२५ हा बटणासारखा सेल असतो. खेळ जपून ठेवतो तोच, आणि घड्याळही तोच चालवतो, म्हणून लवकर संपतो. त्याला पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. सोल्डरिंग येणाऱ्याकडूनच बदलून घ्या. चिकटपट्टीचा प्रयोग मी केलाय, दोन दिवस टिकला.

आता ‘काय आहे’. हा खेळ १९९९ साली जपानमध्ये आला, आणि त्याला वार कळतो. यात पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचे असतात. त्यातला लाप्रस गुहेत भेटतो तो फक्त शुक्रवारी. हूटहूट हे घुबड रात्रीच निघतं. म्हणजे वाट बघावी लागते, आणि वाट बघितलेलं माणूस विसरत नाही. हॉंटर या पोकेमॉनचं रूप बदलून गेंगार व्हायला तर दुसऱ्याशी केबल जोडून अदलाबदलच करावी लागते. माझा गेंगार कळव्याच्या मित्राने दिला. त्याला मी बदल्यात काय दिलं ते सांगत नाही, अजून लाज वाटते.

या यंत्राच्या पडद्यामागे दिवा नाही. डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये मी खिडकीशी तिरका बसून खेळायचो. पारसिकचा बोगदा आला की पडदा काळा. ऐन लढाईत हात आखडून नुसतं बसायचं.

चिरंजीवांना विचारा, सुरुवातीला कुठला पोकेमॉन घेतला. सिंडाक्विल म्हणाला तर माझा नमस्कार सांगा.