लिंक पार्टीत भाग घेऊन फायदा होतो का?

प्रश्न: माझा रेसिपीचा ब्लॉग आहे, दर आठवड्याला लिंक पार्टीत (एका ब्लॉगच्या पानावर सगळे आपापल्या पोस्टची लिंक टाकतात ना, ती) पोस्ट टाकते पण वाचायला कोणीच येत नाही. बंद करू का?

उत्तर: बंद नका करू ताई, पण नुसती लिंक टाकून निघून जाऊ नका. 2006 च्या सुमारास भारतीय फूड ब्लॉगर्सचा 'जिव्हा' नावाचा इव्हेंट चालायचा, महिन्याला एक घटक ठरायचा, सगळे त्यावर रेसिपी लिहायचे आणि यजमान ब्लॉगर सगळ्यांच्या लिंक एकत्र छापायचा. लोक एकमेकांकडे जाऊन खरंच वाचायचे, म्हणून ते जमायचं! तुम्हीही आपल्या आजूबाजूच्या चार-पाच पोस्ट नीट वाचा आणि कमेंट करा, पण 'छान' एवढंच नको, 'भाजणीत धणे किती घेतले?' असं काहीतरी विचारा, मग ती बाई तुमच्याकडे येतेच बघा. आणि फोटो! पार्टीच्या पानावर तो छोट्या चौकोनात दिसतो, तिथे अख्खं ताट ओळखू येत नाही, एकच थालीपीठ जवळून घ्या. गुगल रँकिंगसाठी मात्र हे करू नका, बऱ्याच लिंकवर नोफॉलो (ही लिंक रँकिंगसाठी धरू नको, असं गुगलला सांगणारी खूण) असतो आणि 'तू माझी दे मी तुझी देते' असं फार झालं तर गुगल ते स्पॅम धरतं.