क्रूझचं भाडं उतरलं, मग टॅक्स आणि पोर्ट फी तेवढीच का?

कारण त्या दोघांचा तुमच्या भाड्याशी फारसा संबंधच नसतो. भाडं कंपनी ठरवते, केबिन किती विकल्या गेल्या त्यावर रोज वरखाली होतं, पण पोर्ट फी आणि सरकारी कर बहुतेक वेळा माणशी ठरलेले असतात, जहाज कुठल्या बंदरांना लागतं त्यावर. उदा. ग्रीसने 2025 च्या जुलैपासून सँटोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर उन्हाळ्यात उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाला 20 युरो लावलेत, मग तो खिडकी नसलेल्या केबिनमधला असो नाहीतर महागड्या सुइटमधला.

म्हणून समजा भाडं 800 आणि टॅक्स-फी 200, एकूण 1000. आता '25 टक्के सूट' आली तर ती 800 वरच, म्हणजे 600 अधिक तेच 200, एकूण 800. म्हणजे खरी सूट 20 टक्केच पडली 😄 आणि 'तिसरा-चौथा प्रवासी फ्री' म्हणतात ना, त्यातही हे पैसे त्यांच्या नावाने भरावेच लागतात.

एक गोष्ट मात्र नक्की बघा, बुकिंग कॅन्सल केलं आणि भाडं बुडालं तरी टॅक्स-पोर्ट फी सहसा परत मिळते. एखादं बंदर रद्द झालं तरी तिथली फी बऱ्याचदा परत देतात, पण कधीकधी जहाजावरच्या खात्यात क्रेडिट म्हणून. जहाजावरची टिप यात धरलेली नसते, ती वेगळी.