दोघं कमावतो तरी २० तारखेला पैसे संपतात, घरखर्च कुठून कमी करू?

तुम्ही लिहिलंय की दोघांचे मिळून ५० हजार येतात, तरी २० तारखेला मेव्हण्याकडं हात पसरायला लागतो आणि आता दूध-भाजी कमी करायचा विचार आहे. दुधाला हात लावू नका राव. आम्ही तेच केलं होतं, दोन लिटरचा रतीब दीडवर आणला, महिन्याला आठ-नऊशे वाचले पण पोरं कुरकुरली आणि आई गावाकडनं आली तर म्हणाली, "चहा हाय का काढा?"

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. एका रविवारी बायकोनं दुधाच्या खाड्यांचं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि कुठल्या तारखेला कुठला हप्ता कटतो ते लाल पेनानं लिहीत गेली. २ ला गाडी, ५ ला फ्लॅट, ७ ला टीव्ही, १० ला मोबाईल, १२ ला भिशी, १८ ला क्रेडिट कार्ड. किराण्याला उरणार काय, माती? टीव्ही-मोबाईल 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी हप्ते म्हणून घेतलेले, त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागलाच होता.

पण खरं भोक कार्डाचं. ६० हजार थकलेले आणि मी दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, ३ हजार भरून निवांत. माझ्या कार्डाला महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, म्हणजे ३ हजारातले मुद्दलात गेले फक्त ५२२! आणि थकबाकी असली की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणा स्वाइप केला की त्याच दिवसापासून मीटर चालू, हे मला तर दीड वर्ष माहीतच नव्हतं.

शेवटी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण घेतलं, वर्षाला दहा टक्क्याच्या आत पडलं, कार्ड पूर्ण भरून बंद केलं. ती दोन दिवस बोलली नाही, आत्याच्या पोरीच्या लग्नात मोकळ्या हातानं कशी जाऊ म्हणून, आणि तिचं काही चुकत नव्हतं कारण कार्ड घासणारा मीच. पण कार्डाला जाणारे ३ हजार तिकडं भरत गेलो आणि पावणेदोन वर्षात पाटल्या घरी आल्या. सोनं नसेल तर पतसंस्थेत विचारा, फक्त व्याज वर्षाचं किती ते आधी लिहून घ्या आणि कार्ड बंद करणार असाल तरच हे करा, नाहीतर दोन्ही कर्जं उरावर बसतील.

बाकी किरकोळ. वर्षाचा शाळू आणि गहू उन्हाळ्यात एकदम भरतो, चटणीपण तेव्हाच डंकावर कुटून आणतो, त्यासाठी भिशीचा नंबर एप्रिलला मागून घेतला. लाईट बिलात १०० युनिटच्या पुढं दर एकदम चढतो म्हणून गिझरवर नजर. आहेराचं मात्र अजून जमलेलं नाही, भावकीत पाचशेचं पाकीट दिलं की बायकोला टोमणा बसतोच, त्यावर कुणाकडं उपाय असेल तर मलाच सांगा.

तुमच्या कार्डाचं स्टेटमेंट काढा आणि 'फायनान्स चार्जेस'ची, म्हणजे व्याजाची ओळ बघा, तो आकडा टाका इथं, मग पुढचं बोलू.