25 डिसेंबरला आईकडे गेले तर माझा विश्वास खोटा ठरेल का?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळपर्यंत तोच मनात होता. लग्नानंतर पुण्यात तुम्ही नवऱ्याबरोबर एका प्रार्थनागटात जाता. तिथे सांगतात की 25 डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात नाही, तो रोमी सूर्यदेवाचा सण आहे आणि तो पाळणारे खरे विश्वासी नव्हेत. इकडे नगरला आई एकटी आहे आणि फोनवर विचारते, 'नाताळला येतेस ना?'

उत्तर आधीच देतो. जा. नवऱ्यालाही बरोबर न्या. कारणं आता सांगतो, थोडी लांबतील. मी वसईचा कॅथलिक आहे, तुमचं घर मंडळीतलं, म्हणजे प्रॉटेस्टंट. माझ्या बोलण्यात मिस्सा येईल, तुम्ही तिथे भक्ती समजून घ्या.

गटाचं एक म्हणणं खरं आहे, आणि ते मान्य करायला आपण कचरू नये. तारीख शास्त्रात नाही. लूक नावनिशी, म्हणजे शिरगणती, सांगतो, रात्री कळप राखणारे मेंढपाळ सांगतो. मत्तय तारा सांगतो. महिना कोणीच सांगत नाही. इसवी सन 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की काही जण प्रभूचा जन्म आपल्या हिशेबाने 20 मे रोजी येणाऱ्या दिवशी धरतात. म्हणजे पहिली दोनशे वर्षं ख्रिस्ती लोक जगले, छळ सोसला, जीव दिले, आणि जन्माची तारीख त्यांच्यात ठरलेली नव्हती. त्यांचा विश्वास अपुरा होता असं म्हणायची माझी छाती नाही.

सूर्यदेवाचं प्रकरण मात्र सांगतात तितकं सरळ नाही. ऑरेलियन बादशहाने 274 मध्ये रोममध्ये सूर्याचं देऊळ उभारलं, हे खरं. पण 25 डिसेंबरला 'अजिंक्या'चा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिवस म्हणून रथांच्या तीस शर्यती होत, ही नोंद 354 च्या एका रोमी पंचांगसंग्रहात सापडते. आणि त्याच संग्रहात, 336 च्या सुमाराच्या यादीत, त्याच तारखेला 'यहूदीयातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला' असंही लिहिलेलं आहे. दोन्ही नोंदी एकाच बाडात. कोणी कोणाकडून घेतलं, हे त्यावरून ठरत नाही. दुसरा एक हिशेब अभ्यासक मांडतात. प्रभूचं मरण 25 मार्चला झालं असं टर्टुलियनसारखे जुने लेखक धरत. ज्या दिवशी मरण त्याच दिवशी मरियेच्या उदरी येणं, असं मानलं की तिथून नऊ महिने मोजायचे, 25 डिसेंबर येतो. गॅब्रिएल दूताच्या निरोपाचा सण आम्ही अजून 25 मार्चलाच करतो. मला हा हिशेब जास्त पटतो.

पण समजा सूर्याचीच तारीख घेतली असेल. तुमचा गट रविवारी जमतो ना? रवी म्हणजे सूर्य. शब्दच सूर्याचा आहे. तरी त्या दिवशी प्रभू उठला म्हणून आपण जमतो, सूर्याला कोणी हात जोडत नाही. नवऱ्याशी बोलाल तेव्हा हे शांतपणे त्यांच्यापुढे ठेवा.

आता माझी गोष्ट. मी तीस वर्षं बोटीवर काढली, इंजिनरूममध्ये. एका वर्षी डिसेंबरात कॅलिफोर्नियाहून जपानला निघालो होतो. पॅसिफिकच्या मध्यावर वाररेषा ओलांडली की पश्चिमेकडे जाणाऱ्याचा एक दिवस गळतो. आमचा गळाला तो नेमका 25 डिसेंबर. 24 तारखेला रात्री झोपलो, उठलो तेव्हा जहाजावर 26 तारीख लागलेली. आम्ही दोघे वसईकर, काही गोवेकर आणि बरेच फिलिपिनो. आदल्या संध्याकाळी मेसमध्ये प्रार्थना केली होती, गाणी म्हटली होती, पण माझं मन काही केल्या मानेना. घरी गोठा मांडला असेल, मध्यरात्रीची मिस्सा झाली असेल, आणि माझ्या आयुष्यात त्या वर्षी तो दिवसच उगवला नव्हता.

आमचा सेकंड इंजिनियर युक्रेनचा, ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेतला. त्याचा नाताळ तेव्हा 7 जानेवारीला. त्यांची ख्रिस्तसभा सणांसाठी ज्युलियन कॅलेंडर धरून होती, आणि ते सध्या आपल्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे चालतं. (2023 मध्ये युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने 25 डिसेंबर स्वीकारला. रशियात अजून 7 जानेवारीच आहे.) 6 तारखेला संध्याकाळी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. गहू, मध आणि खसखस घालून त्यांच्याकडे एक पदार्थ करतात. गॅलीतून मिळालं त्यात त्याने तो जमवला होता. चव थेट आपल्या गव्हाच्या खिरीच्या वाटेवरची. त्याने त्याच्या भाषेत प्रार्थना म्हटली, मी मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. घरी परतल्यावर आमच्या फादरांना विचारलं, 'त्या वर्षी माझा नाताळ झाला का?' ते म्हणाले, 'एकत्र प्रार्थना केलीत ना? मग झाला.'

तेव्हापासून मी वाचत गेलो आणि एका जुन्या भांडणापाशी थांबलो. ते नाताळचं नाही, ईस्टरचं आहे. ईस्टरची तारीख माझ्या मते नाताळपेक्षा जास्त वजनाची, कारण प्रभूचं मरण यहुद्यांच्या वल्हांडण सणाशी बांधलेलं आहे, आणि वल्हांडणाला तिथी आहे. आशिया मायनरमधले (आजच्या तुर्कस्तानातले) ख्रिस्ती यहुदी निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला सण करत, मग वार कुठलाही येवो. रोममध्ये रविवारीच करत. 155 च्या सुमारास आशिया मायनरमधल्या स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प रोमला गेला. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, प्रेषित योहानाच्या पायाशी शिकलेला. रोमचा बिशप अनिसेटसशी त्याचं बोलणं झालं. दोघांपैकी एकही हटला नाही. पॉलिकार्प म्हणाला, आम्ही प्रेषितांबरोबर असंच पाळत आलो. अनिसेटस म्हणाला, माझ्या आधीच्या वडीलधाऱ्यांची रीत मी मोडणार नाही. आणि मग अनिसेटसने मान म्हणून आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्पच्या हाती दिला. ते एका भाकरीत सहभागी झाले आणि शांतीने निरोप घेतला.

पुढे 190 च्या आसपास रोमचा बिशप व्हिक्टर याच कारणावरून आशियातल्या मंडळ्यांना तोडायला निघाला, तेव्हा लियोंचा बिशप इरेनियस याने त्याला हीच आठवण लिहून पाठवली. इरेनियस स्वतः रविवार पाळणारा होता, तरी तो तोडण्याच्या विरुद्ध उभा राहिला. निकियाच्या सभेने 325 मध्ये सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर करावा असं ठरवलं, पण कॅलेंडर वेगळी झाल्यावर पूर्व आणि पश्चिम पुन्हा वेगळ्या तारखांना गेले.

तुमचा गट 25 डिसेंबर पाळत नाही, यात नवं काही नाही. 1659 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो 1681 मध्ये उठला. ते प्युरिटन लोक प्रामाणिक होते, शास्त्रात नाही ते करायचं नाही एवढीच त्यांची धडपड. त्यांच्याच परंपरेतल्या काँग्रिगेशनल मंडळींनी बोस्टनहून माणसं पाठवली, ती 1813 मध्ये मुंबईत उतरली आणि 1831 पासून नगरला राहिली. ताई, तुमच्या नगरच्या मंडळीचं मूळ तिथे आहे. आणि आज तुमची आई नाताळची वाट बघते आहे! दीड-दोनशे वर्षांत त्या लोकांनी पाळण्याकडून न पाळण्याकडे आणि पुन्हा पाळण्याकडे प्रवास केला, प्रभू मात्र तोच राहिला.

म्हणून माझं म्हणणं असं, की तारीख ही एकमेकांसाठी सोडून देता येण्यासारखी गोष्ट आहे. जॉर्डनमध्ये ख्रिस्ती थोडे आहेत. तिथे ऑर्थोडॉक्स लोक कॅथलिकांबरोबर 25 डिसेंबरला नाताळ करतात आणि कॅथलिक लोक ऑर्थोडॉक्सांच्या तारखेला ईस्टर करतात. दोघांनी एकेक तारीख सोडली. पंतय पिलाताच्या वेळी प्रभूने दुःख भोगलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, हे त्यातल्या कोणीच सोडलेलं नाही.

रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय नवऱ्याबरोबर बसून वाचा. पौल म्हणतो, एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो. जो मानतो तो प्रभूसाठी मानतो. त्याच अध्यायात तो दोघांनाही विचारतो, की तू आपल्या भावाला दोष का लावतोस. हे तुमच्या गटाला लागू आहे, तसंच आपल्यालाही. न पाळणाऱ्यांना 'अर्धवट' म्हणू नका. कलस्सैकरांस 2:16 ही बघा. 'सणावरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये' या अर्थाचं ते वचन गट तुमच्यापुढे ठेवत असेल, तर ते दोन्ही बाजूंनी वाचायला सांगा.

नवरा 25 ला यायला तयार नसेल तर हट्ट धरू नका. 24 ला संध्याकाळी तुम्ही एकट्या पुढे जा, आईबरोबर करंज्या करा, सकाळच्या भक्तीला तिच्या शेजारी बसा. त्यांना 27 ला जेवायला बोलवा. एकदा सासूच्या घरी जेवून आले की पुढच्या वर्षीचं बोलणं सोपं जाईल. आणि गटात कोणी 'खरी विश्वासी नाही' म्हणालंच, तर वाद घालू नका, त्यांच्या पुढाऱ्याला पॉलिकार्प आणि अनिसेटसची ही हकिकत वाचायला द्या. हवी असेल तर मी सविस्तर लिहून पाठवतो.