आईबाबांना एकदा कोर्टात बोलाव

वकिली नुकतीच सुरू केली आहेस, तर घरच्यांना एकदा मुंबई हायकोर्टात बोलावच. सुनावणी खुल्या न्यायालयात चालते. ओळखपत्र तेवढं आणायला सांग. आधी ४६ नंबरचं कोर्ट दाखव. १९०८ साली लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली ती तिथेच. बाहेरची पाटी बाबा थांबून वाचतील, वाचू दे. मग मागच्या बाकावर बसव. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, तुझं मॅटर खाली असेल तर तासन्‌तास ताटकळावं लागेल, आणि नेमकं तेच त्यांनी बघायला हवं. पाच मिनिटांच्या युक्तिवादासाठी किती थांबावं लागतं, हे घरी सांगून पटत नाही. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात मात्र नेऊ नकोस. तिथे माणसांचे संसार मांडलेले असतात. अशिलाचं खासगी बोलणंही जेवताना काढू नकोस, अगदी आईजवळसुद्धा.