बाबांचे टक्के आणि पुस्तकातले टक्के

दहावीतल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. वडिलांचं किराणा दुकान आहे, तिला सीए व्हायचंय. पण ‘एक वस्तू २४ रुपयांना विकल्यावर खरेदी किंमत जितके रुपये तितकेच टक्के नफा झाला, तर खरेदी किंमत काढा’ या उदाहरणावर ती अडली. उत्तर आलं २० रुपये. बाबा मात्र म्हणाले, “२४ ला विकून ४ सुटले, म्हणजे साडेसोळाच्या आसपास. वीस टक्के कुठले?” ती विचारते, अकरावीला गणित सोडून देऊ का?

बाळ, तुझे बाबा चुकलेले नाहीत आणि पुस्तकही नाही. दुकानात मार्जिन बहुतेक वेळा विक्री किमतीवर धरतात. २४ वर ४ म्हणजे १६.६७ टक्के. शाळेत शेकडा नफा खरेदी किमतीवर काढतात. २० वर ४ म्हणजे २० टक्के. टक्के कशावरचे, हे आधी ठरवायचं. तुझा गोंधळ भाषेतला आहे, बीजगणितातला नाही.

आता मांडणी बघ. खरेदी किंमत क्ष रुपये, म्हणून नफा क्ष टक्के. क्ष चे क्ष टक्के म्हणजे क्ष²/१००. वर्ग इथूनच येतो! क्ष + क्ष²/१०० = २४, म्हणजे क्ष² + १००क्ष − २४०० = ०. अवयव (क्ष + १२०)(क्ष − २०). किंमत ऋण नसते, म्हणून २०. (असा नफा मोजणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही, पण परीक्षेत तो भेटत राहतो.)

गणिताचं म्हणशील तर, बारावीला गणित नसलं तरी सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसता येतं. पण तिथे क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा (गणित, संख्याशास्त्र आणि तर्क) १०० गुणांचा पेपर आहेच, त्यात वर्गसमीकरणं आहेत आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. अकरावीला सोडलेलं गणित तिथे पुन्हा समोर येईल, तेही घड्याळ लावून. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ठेव. क्लास बदलायचीही घाई नको. महिनाभर रोज दोन शाब्दिक उदाहरणं घे, ती सोडवू नकोस, फक्त समीकरण मांड. अवयव पाडता येतात तुला, पत्रासोबतच्या वहीच्या फोटोत दिसतंय.

त्याच फोटोत आणखी एक दिसलं. प्रत्येक ठिकाणी तू एक मूळ डोळे झाकून खोडतेस. तेच उदाहरण तोट्याचं करून बघ: वस्तू २१ रुपयांना विकली, खरेदी किमतीइतकेच टक्के तोटा. क्ष² − १००क्ष + २१०० = ०, मुळं ३० आणि ७०. तीसचे तीस टक्के ९, उरले २१. सत्तरचे सत्तर टक्के ४९, तरी उरले २१. यातलं एकही खोडायचं नाही. बाबांना विचार, ७० ची वस्तू २१ ला द्यायची वेळ कधी आली होती का.